लमाणी बायकांचा वेगळा वर्ग बंद करून सगळ्यांच्यात मिसळायचा म्हणतायत. आयर्लंडमधे असं झालंय म्हणे, कुणाला माहितीये का?

म्हापशेकर_बाई

नमस्कार. जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे आणि मला तिथे काहीतरी ठोस बोलायचंय.

आम्ही काही जणी मिळून म्हापशाजवळ एका भाड्याच्या खोलीत लमाणी बायकांचा वर्ग चालवतो. कळंगुट-बागाला बीचवर शाली, पिशव्या, पैंजण विकणाऱ्या बायका दिसतात ना, त्याच. मूळच्या गदग, बागलकोट, विजापूरकडच्या तांड्यांवरच्या. कितीतरी जणी लग्न होऊन इकडे आल्या त्या इथेच राहिल्या, पोरं इथल्याच शाळेत जातात. वर्ग दुपारी दोन ते चार, कारण सकाळी माल लावायचा असतो आणि संध्याकाळी सूर्यास्ताला बीचवर खरी गर्दी, तेव्हा धंदा सोडून त्या येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. वाचणं-लिहिणं, हिशेब, बँकेचे फॉर्म, मोबाइल, एवढं शिकवतो. पाचसहा जणींची तयारी तर आता परीक्षेला बसवण्याइतकी झालीय.

एकच गोष्ट सांगते म्हणजे वर्ग काय आहे ते कळेल. सगळ्यात मोठी जी बाई आहे तिला बाकीच्या याडी, म्हणजे आई, म्हणतात. तिच्या गळ्यात स्वतः भरलेली कवड्यांची न आरशांची पिशवी असते, त्यात पेमेंटचं क्यूआर कार्ड. गिऱ्हाईक आलं की पिशवीतून कार्ड काढून पुढे धरायची. अक्षरं जुळवायला लागली तेव्हा पहिल्यांदा त्या कार्डावरचं नाव तिने स्वतः वाचलं, तर ते नाव भाच्याचं! पैसे त्याच्या अकाउंटला जात होते आणि तो महिन्याला देईल ते ही घेत होती. दुसऱ्या दिवशी बँकेचा फॉर्म घेऊनच वर्गात आली. आता कार्डावर तिचं नाव आहे.

तर आमच्या कमिटीचं म्हणणं असं, की ही खोली सोडायची आणि बायकांना शहरातल्या मोठ्या प्रौढ शिक्षण सेंटरला घालायचं, जिथे सगळेच येतात. त्यांची कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. वेगळं बसवणं हाच एक भेदभाव आहे हे मलाही पटतं. शिवाय ३० मे २०२५ ला घटक राज्य दिनी गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाल्यापासून देणगी देणारे विचारतात, आता साक्षरतेचा वर्ग कशाला. आणि भाडं आहेच, ते कुणी उघड बोलत नाही. मीटिंगला एक सर म्हणाले की आयर्लंडमधे ट्रॅव्हलर म्हणून भटकी जमात आहे, त्यांच्यासाठी सरकारने खास ट्रेनिंग सेंटर काढली होती, ती सगळी बंद करून लोकांना रेग्युलर शिक्षणात आणलं, आणि तो प्रगतीचा मार्ग मानतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही बोलता आलं नाही कारण माहितीच नव्हती.

तिथे नक्की काय झालं? आणि आपल्याकडे असं कुणी करून बघितलंय का?


रवी_लिमरिक

बाई, मी मूळ फोंड्याचा, आता बरीच वर्षं लिमरिकला आहे. बायको इथे मोठ्या माणसांना शिकवते त्यामुळे हा विषय आमच्या घरात जेवताना रोजचाच. तुमच्या सरांनी सांगितलं ते खरं आहे पण अर्धंच सांगितलंय, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

ट्रॅव्हलर हे बाहेरून आलेले नव्हेत, आयर्लंडचेच लोक, शेकडो वर्षांपासूनचे. पूर्वी घोडागाड्या घेऊन गावोगाव फिरायचे, पत्र्याची भांडी करायची-दुरुस्त करायची, घोड्यांचा धंदा. भाषा स्वतःची, लग्नं आपसात. २०२२ च्या जनगणनेत ३२,९४९ भरले, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही, पण दुकानातून, हॉटेलातून, लग्नाच्या हॉलमधून हाकलले जाण्यात यांचा नंबर पहिला. सरकारचं १९६३ च्या कमिशनपासूनचं धोरण एकच, यांना एका जागी बसवा आणि बाकीच्यांच्यात विरघळवून टाका. वेगळा वांशिक गट म्हणून मान्यता मिळायला १ मार्च २०१७ उजाडलं, त्या दिवशी एंडा केनी पंतप्रधान होते, त्यांनी पार्लमेंटात तसं जाहीर केलं.

आता सेंटरांचं. सत्तरच्या दशकात सुरू झाली, वाढत वाढत देशभर ३३ झाली, सगळी मिळून साधारण हजार जागा. जिल्ह्याच्या शिक्षण समित्या ती चालवायच्या. लिहिणं-वाचणं, स्वयंपाक, शिवण, सुतारकाम, काँप्युटर, आणि त्याचं सरकारमान्य सर्टिफिकेट. येणाऱ्यांत बायकाच जास्त. दोन गोष्टी लक्षात ठेवा कारण पुढे त्याच निघून गेल्या: शिकायला येणाऱ्याला आठवड्याचा भत्ता मिळायचा, आणि पोरं सांभाळण्यासाठी पैसे मिळायचे.

२००६ साली सरकारनेच नेमलेल्या गटाचा ट्रॅव्हलर शिक्षणाचा रिपोर्ट आला. त्याचं म्हणणं, वेगळी व्यवस्था हळूहळू कमी करा, सगळ्यांसाठीच्या व्यवस्थेत आणा, आणि आधी ती व्यवस्था त्यासाठी तयार करा. रिपोर्ट तयार करताना ट्रॅव्हलर संघटनाही बरोबर होत्या. वेगळं ठेवा असं त्यांनीही म्हटलं नव्हतं. २००८ मधे खर्चाचा हिशेब घेणारा आणखी एक रिपोर्ट आला, त्यात दिसलं की या सेंटरांतून पुढे नोकरीत किंवा वरच्या कोर्सला जाणारे कमी आहेत. इथपर्यंत सगळं ठीक.

आणि मग मंदी आली. बँका बुडाल्या, २०१० च्या शेवटी देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आणि युरोपच्या कर्जावर आला, आणि जे 'हळूहळू आणि तयारी करून' करायचं होतं ते बजेटच्या कात्रीने झालं. २०११ मधे घरोघरी जाऊन ट्रॅव्हलर मुलांच्या शाळेचं बघणारे फिरते शिक्षक होते, ती सगळी सर्व्हिस बंद. २०१२ च्या जूनपर्यंत सेंटरंही बंद. बदल्यात काय दिलं, तर पार्ट-टाइम शिक्षणाची एक स्कीम आहे त्यात ट्रॅव्हलरांसाठी जागा राखून ठेवल्या. कागदावर जागा आल्या पण पार्ट-टाइमला तो भत्ता नव्हता, आणि नवीन बिल्डिंगमधे ओळखीचं कुणी नव्हतं. पावी पॉइंट ही त्यांची मोठी संघटना, तिने काढलेल्या अभ्यासात २००८ ते २०१३ या काळात ट्रॅव्हलर शिक्षणासाठीच्या खास खर्चात ८६ टक्क्यांहून जास्त कपात निघाली. बाकी सरकारी खर्चातली कपात याच्या जवळपासही नव्हती.

म्हणून कमिटीला विचारा, आयर्लंडचं कुठलं मॉडेल म्हणताय? २००६ चं कागदावरचं की २०१२ चं प्रत्यक्षातलं?


निवृत्त_हेडमास्तर_डिचोली

बाई, तुमचं काम चांगलं आहे यात वाद नाही, पण मी कमिटीच्या बाजूने बोलणार आहे, राग मानू नका.

मी आयुष्यभर हायस्कुलात शिकवलं. आमच्या भागात धनगर-गवळी लोकांचे वाडे डोंगरात, तिथे एकशिक्षकी शाळा. पोरं चौथीपर्यंत त्या वाड्यावरच्या शाळेत, सगळी आपलीच, शिक्षक प्रेमळ, निकाल उत्तम. आणि पाचवीला खाली मोठ्या शाळेत आली की एकेक करून गळायची. कारण शेजारच्या बाकावर परका मुलगा बसलेला त्यांनी कधी बघितलाच नव्हता आणि परक्या मुलानेही यांना बघितलं नव्हतं. काठावर उभं राहून पोहायला येत नाही. जितका उशीर कराल तितकं पाणी खोल वाटत जातं.

रवीभाऊंनी २००८ च्या रिपोर्टची गोष्ट दोन ओळीत उरकली, मला तीच मोठी वाटते. तीसेक वर्षं सेंटरं चालली आणि माणसं पुढे गेली नाहीत, याचा अर्थ काय? सर्टिफिकेटवर अशा सेंटरचं नाव असलं की नोकरी देणारा नावावरूनच ओळखतो आणि बाजूला ठेवतो. शिकणाराही तिथेच रमतो, भत्ता मिळतोय, मैत्रिणी आहेत, चहा आहे. मी असे शिवणवर्ग गोव्यात बघितलेत जिथे त्याच बायका वर्षानुवर्षं तोच ब्लाउज कापतायत. तुमच्या खोलीत पाच वर्षांनी काय असेल, याचा विचार तुम्ही केलाच असेल, पण कमिटीला तो सांगितला का?

आणखी एक, आणि हे मला मनापासून वाटतं. म्हापशाच्या एखाद्या गोंयकार बाईला लमाणी बाईच्या शेजारी बसून गणित सोडवावं लागलं तर त्यात शिक्षण त्या गोंयकार बाईचंही आहे. बीचवर 'नको नको' म्हणून हात हलवण्यापलीकडे आपला या लोकांशी संबंध कधी येतो? वेगळी खोली ठेवून आपण स्वतःला त्यातून सोडवून घेतो.


तांडा_ते_ताळगाव

मी लमाणी आहे. गोव्यातच वाढलो, आई अजून बीचवर विकते, मी ताळगावच्या पठारावर युनिव्हर्सिटीतून एमकॉम केलं. त्यामुळे दोन्ही बाजू मला घरातूनच माहितीयेत.

हेडमास्तर सरांचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे. मग म्हणाली, पण त्या बाईला पण कुणीतरी सांगा शेजारी बसायला.

कारण सर, माझी आई गेली होती अशा सगळ्यांच्या वर्गाला. सेंटर कुठलं ते लिहीत नाही. पहिला प्रश्न पत्ता. आधार कार्डावर पत्ता तांड्याचा, कर्नाटकचा, इथे भाड्याच्या खोलीचं ॲग्रीमेंट कुणी करून देत नाही. रहिवासी दाखला आणा म्हणाले. दाखल्यासाठी पंचायतीत गेली तर तिथे दुसरा कागद. दाखला नसेल तर वर्गात बसू नका असं कुणी म्हणालं नाही पण रजिस्टरमधे नाव नाही, हजेरी घेताना नाव येत नाही, वही-पुस्तकं वाटताना हिला नाही. वर्ग संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे ज्या दोन तासात दिवसाची कमाई होते नेमके तेच, आणि वर्ग सुटल्यावर कळंगुटकडची बस मिळेल की नाही याची धाकधूक. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या हो, खरंच चांगल्या. पण बोलायच्या भरभर कोकणीत, आणि आईची कोकणी म्हणजे 'किते जाय, स्वस्तांत दितां' एवढीच. घरात आम्ही गोर बोली बोलतो, गावात कानडी, बीचवर हिंदी आणि मोडकंतोडकं इंग्रजी-रशियन. पाच भाषांत भाव करणारी बाई वर्गात गप्प बसायची आणि बाईंना वाटायचं हिला काही समजत नाही. दिवाळीनंतर सीझन चढला आणि तिने जाणं सोडलं. सेंटरच्या रेकॉर्डला काय असेल माहितीये? काहीच नाही. नावच नव्हतं तर गळती कसली.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. ही कुणाच्या लक्षात येत नाही. गोव्याचा सीझन ऑक्टोबर ते मे. पाऊस लागला की निम्म्या बायका तांड्यावर जातात, पेरणीला, लग्नकार्याला. तुमचे वर्ग सुरू होतात जूनला. म्हणजे ॲडमिशनच्या वेळी आमच्या बायका गोव्यात नसतात आणि ज्या परत येतात त्यांना सांगतात उशीर झाला.

आणि कागदाचं अजून एक. कर्नाटकात आम्ही अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. गोव्याच्या अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांत आम्ही नाहीच. जुवारी पुलाच्या अलीकडे-पलीकडे, चिंबलला, जुवारीनगरला, मडगावला आमची पिढी वाढली, पण सवलत मागायला गेलं की तुम्ही परराज्यातले. म्हणून 'सगळ्यांसाठीचं सेंटर' म्हटलं की मी आधी विचारतो, त्या सगळ्यांत आम्ही धरलेलो आहोत का?

वेगळी खोली कायम हवी असं माझंही मत नाही. मी स्वतः सगळ्यांच्यात शिकलो म्हणून इथे लिहितोय. पण मी पहिलीपासून होतो, आई पन्नाशीत गेली. फरक आहे ना.


म्हापशेकर_बाई

दादा, तुमचं वाचून मी मधेच थांबले, परत वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

हेडमास्तर सर, राग कशाचा, उलट हेच मला कुणी तोंडावर विचारत नव्हतं. पाच वर्षांनी काय, याचं उत्तर माझ्याकडे आज अर्धंच आहे. पाचसहा जणींना परीक्षेला बसवायचं हे डोक्यात आहे, पण त्यानंतर त्या कुठे जाणार हे नाही. आणि ज्या नुसतं सही-हिशेबापुरत्या येतात त्यांना परीक्षा नकोच आहे, त्यांना घालवून कुठे घालवायचं?

रवीभाऊ, एक विचारते. सेंटरं बंद झाली तेव्हा जे लोक नवीन ठिकाणी टिकले ते का टिकले? सगळेच काही गळाले नसतील.


ओपन_स्कूल_फोंडा

परीक्षेच्या बाबतीत मी सांगते, मी ओपन स्कूलच्या मुलांना बरीच वर्षं गाइड करतेय.

राष्ट्रीय मुक्त शाळेत, म्हणजे एनआयओएसमधे, दहावीसाठी वयाची खालची अट १४, वरची अटच नाही. पन्नाशीची बाई बसू शकते. एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात नऊ वेळा परीक्षा देता येते, एकेक विषय करून सोडवला तरी चालतो, पास झालेला विषय जमा राहतो. माध्यम मराठी घेता येतं. त्याच्या खाली प्रौढांसाठी ए, बी, सी अशा तीन लेव्हल आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. ज्यांची दहावीची हिंमत होत नाही त्यांना आधी तिथे बसवा. बायकांना फी पण थोडी कमी असते.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तांडावाल्या दादांनी कॅलेंडरचं लिहिलं म्हणून मुद्दाम सांगतेय, एप्रिल-मेची धरा. ऑक्टोबरला सीझन उघडतो तेव्हा कुणी अभ्यास करणार नाही, एप्रिलनंतर धंदा उतरायला लागतो आणि अजून गावीही गेलेल्या नसतात. ही एक खिडकी आहे बघा.

आणि पूर्ण साक्षरतेबद्दल कमिटीला हे सांगा. राज्य पूर्ण साक्षर धरतात ते साक्षरता ९५ टक्क्यांच्या वर गेली की. उल्लास म्हणून केंद्र सरकारचा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम आहे, त्याची जी चाचणी असते ती १५० मार्कांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि पास व्हायला ३३ टक्के. ती चाचणी म्हणजे दारातून आत येणं झालं, त्या कार्यक्रमातच पुढे मूलभूत शिक्षण, व्यवसाय कौशल्य, निरंतर शिक्षण असे भाग दिलेले आहेत. म्हणजे राज्य साक्षर झालं म्हणून वर्ग नको, हे कार्यक्रमालाच धरून नाही. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असणार? ज्यांचा पत्ताच लागत नाही ते. देणगीदारांना हे समजावून सांगितलं तर समजतं, माझा अनुभव आहे.


रवी_लिमरिक

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बायकोला विचारून लिहितोय, कारण बघितलंय तिने.

ती म्हणते, जिथे जुन्या सेंटरमधला एखादा शिक्षक त्याच लोकांबरोबर नवीन बिल्डिंगमधे गेला तिथे माणसं टिकली. जिथे तीनचार जणी एकत्र, एकाच वर्गात गेल्या तिथेही टिकल्या. एकेकटीला 'हा फॉर्म भर, सोमवारपासून ये' म्हणून पाठवलं तिथे बहुतेक पहिल्या टर्ममधेच गेल्या. आणि जिथे एखादी ट्रॅव्हलर बाईच कामाला ठेवली, रिसेप्शनला म्हणा, पोरं सांभाळायला म्हणा, मदतनीस म्हणून म्हणा, तिथे तर त्यांच्या बहिणी-वहिन्या पण यायला लागल्या. ही सगळी तिने बघितलेली गोष्ट, आकडे नव्हेत.

आकडे हवे असतील तर हे. २०१६ च्या जनगणनेत ट्रॅव्हलर बायकांमधे बारावीच्या बरोबरीचं किंवा पुढचं शिक्षण झालेल्या साधारण १३ टक्के, बाकी देशात ६९ टक्के. सेंटरं बंद होऊन चार वर्षं झाली होती. आता याचा दोष नुसता सेंटरं बंद करण्याला देणं बरोबर नाही, त्यातल्या बऱ्याच जणी शाळेतूनच लहानपणी बाहेर पडलेल्या. पण सगळ्यांच्यात मिसळलं की आपोआप सगळं होतं म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. सरकारने पण बघितला असावा, कारण २०२४ मधे परत ट्रॅव्हलर आणि रोमा लोकांसाठी खास शिक्षण धोरण काढलं, २०३० पर्यंतचं. जे मोडलं तेच नव्याने बांधायला घेतलंय.

हेडमास्तर सर, तुमच्या मुद्द्याला मी दोन ओळीत उरकलं हे खरं. तीस वर्षांत लोक पुढे का गेले नाहीत हा प्रश्न रास्तच आहे. पण पुढे जायला पुढे दार उघडं लागतं. ट्रॅव्हलर आडनाव दिसलं की इंटरव्ह्यूला बोलवायचं नाही असे मालक असतील तर सेंटरने काय करावं? ते सेंटरच्या नावावर नापास म्हणून टाकणं मला पटत नाही. हां, सेंटरांनी त्या मालकांकडे जाऊन भांडायला हवं होतं, ते झालं नाही, तिथे मी तुमच्याबरोबर आहे.


निवृत्त_हेडमास्तर_डिचोली

तांड्याच्या आईंबद्दल वाचलं. रजिस्टरला नाव नाही म्हणून वही नाही, हे वाचून मला रात्री चैन पडली नाही. हे शिक्षकाच्या हातातलं काम होतं हो, एक नाव पेन्सिलीने लिहून ठेवायला काय लागतं.

माझं मत तेच आहे, शेवट एकत्र बसण्यातच व्हायला हवा. फक्त आता मी असं म्हणेन की पहिलं पाऊल त्या मोठ्या सेंटरने टाकावं. त्यांनी आठवड्यातून एक दुपार आपला शिक्षक तुमच्या खोलीवर पाठवावा. बायका त्याला ओळखू देत, तो बायकांना ओळखू दे. मग पाचसहा जणी एकदम तिकडे जाऊ देत, दुपारच्याच बॅचला. दुपारची बॅच नसेल तर काढावी लागेल, आणि त्यात म्हापशाच्या मार्केटात बसणाऱ्या बायका पण येतील, हॉटेलात कामाला असणाऱ्या पण येतील, त्यांनाही संध्याकाळ मोकळी नसते. तेव्हा ती बॅच लमाण्यांची राहणारच नाही, आपोआप सगळ्यांची होईल. मिसळायचं ते असं.

पत्त्याच्या दाखल्याचं मात्र सेंटरने आधी लेखी द्यावं, की दाखला नसला तरी नाव रजिस्टरला घेऊ. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.


तांडा_ते_ताळगाव

सर, दुपारची बॅच हे एकदम बरोबर. मार्केटातल्या बायकांचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाई, एक सुचवू? कमिटीत लमाणी बाई कुणी आहे का? नसेल तर मीटिंगला याडींना घेऊन जा. त्यांच्याबद्दल सगळं ठरतंय आणि त्या खोलीत बसून ब्लाउजला आरसे लावतायत, असं नको. त्यांना विचारा, तिकडे जायचं का, काय असेल तर जाल. मराठी बोलायला अडलं तर मी येतो बरोबर, गोर बोलीतून सांगतील, मी मराठीत सांगेन. वार कळवा, मी सुट्टी टाकतो.


म्हापशेकर_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात विचारलं. मला वाटलं होतं सगळ्या नाही म्हणतील, तसं झालं नाही. ज्या परीक्षेच्या तयारीतल्या आहेत त्यातल्या दोघी लगेच म्हणाल्या जाऊ, तिथे काँप्युटर आहे ना. एकजण म्हणाली एकटी नाही जाणार, सगळ्या चला. आणि याडी म्हणाली, खोली राहू दे, मला परीक्षा नको, मला हिशेब पुरे, पण या पोरींना सोडायला मी तिथपर्यंत जाईन, बघते कोण काय बोलतं ते.

तेव्हा मीटिंगला असं मांडतेय: खोली अजून एक पूर्ण सीझन ठेवायची, ऑक्टोबर ते मे. मोठ्या सेंटरचा शिक्षक आठवड्यातून एकदा इकडे. जाणाऱ्या सगळ्या एकदम जाणार, आमच्यातली एक जण पहिली टर्म त्यांच्याबरोबर तिथे बसणार. दुपारची बॅच आणि रजिस्टरचं लेखी मिळाल्याशिवाय कुणाला पाठवायचं नाही. परीक्षा एप्रिल-मेची. आणि आयर्लंडचं नाव निघालं की २०१२ ची गोष्ट सांगणार, भत्ता आणि पोरं सांभाळायचे पैसे कुठे गेले त्याच्यासकट. भाड्याचा प्रश्न उरतोच, त्यासाठी देणगीदारांना लिहिलेलं पत्र इथे टाकते, ओपन स्कूलवाल्या ताई, तुम्ही एकदा नजर घाला.

दादा, मीटिंग शुक्रवारी चारला आहे, याडी तयार आहेत, तुम्ही याच.

आणि हेडमास्तर सर, तुम्ही डिचोलीहून म्हापशाला येत असाल तर एखाद्या दुपारी दोनला आमच्याकडे या. परीक्षेवाल्या टक्केवारीच्या गणिताला अडल्यात. सूट किती द्यायची ते तोंडी झटक्यात सांगतात पण कागदावर मांडता येत नाही. ते तुम्ही घ्या.


निवृत्त_हेडमास्तर_डिचोली

सोमवारी येतो. खडू-फळा आहे ना तिकडे?


म्हापशेकर_बाई

फळा आहे, खडू संपत आलेत, मी आणून ठेवते.